चौथ्या हाकेला बसून राहिलेली मुलगी

मे महिन्यात पाचगणीला झालेल्या एका ख्रिस्ती युवक शिबिरातलं हे प्रकरण. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी. शेवटच्या रात्रीच्या समर्पण सभेत, म्हणजे प्रभूला आपलं जीवन दिल्याचं उभं राहून सांगायच्या सभेत, सगळा हॉल उभा राहिला आणि ती बसून राहिली. घडलं एवढंच. पण सकाळचा चहा व्हायच्या आत तिच्यावर दोनदा हात ठेवून प्रार्थना झाली होती, तिच्या आईला फोन गेला होता आणि शिबिराच्या अहवालात तिचं नाव 'विशेष प्रार्थनेची गरज' या रकान्यात चढलं होतं.

मी त्या शिबिरात मुलींच्या खोल्या सांभाळत होते, समितीतही आहे. मुलगी आणि तिची आई, दोघींना विचारून हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव देत नाही. खोलीत तिला सगळ्या जणी 'मॉनिटर' म्हणायच्या, तेच इथे वापरते. आंघोळीच्या पाण्याला एकच बंब होता. पहिल्याच सकाळी तिने वहीच्या पानावर पाळ्या लिहून ते पान न्हाणीघराच्या दाराला चिकटवलं, आणि आठवडाभर कुणाची बादली कुणाच्या पुढे गेली नाही. हा तपशील गमतीचा वाटेल, पण पुढचं सगळं याच स्वभावातून घडलं आहे.

घर

अहिल्यानगर जिल्ह्यातलं तिसऱ्या-चौथ्या पिढीचं ख्रिस्ती कुटुंब. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आता नाहीत. वडील एमआयडीसीत कारखान्यात, आई नर्स, घरात आजी. मॉनिटरचा बाप्तिस्मा ती तान्ही असतानाच झालेला.

हे कुटुंब चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे चर्च स्थापन झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा त्यात एकत्र आल्या. बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्यावरच बाप्तिस्मा देणारे, दोघांनाही तिथे जागा ठेवली गेली. कागदावर हा तोडगा सुंदर आहे. घरात मात्र तो रोज नव्याने काढावा लागतो. आजी रविवारी देवळात पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणणारी. आई गेली काही वर्षं बुधवारच्या एका प्रार्थना संगतीला जाते. तिथे हात उंचावून, मोठ्याने, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना होते. मॉनिटर दोन्हीकडे जाते आणि दोन्हीकडे तिला आवडतं, हे तिने स्वतः मला सांगितलं. "फक्त बुधवारी घसा बसतो," एवढी एकच तक्रार.

शिबिराला ती पहिल्यांदा आलेली नव्हती, आणि प्रकरणाची किल्ली इथेच आहे. तेराव्या वर्षी आली तेव्हा शेवटच्या रात्री ती उभी राहिली होती, चौदाव्या वर्षीही राहिली होती. मी नंतर कपाटातून जुने अहवाल काढून पाहिले. दोन्ही वर्षांच्या 'निर्णय घेतलेल्यांच्या' यादीत तिचं नाव आहे.

सोमवार ते शुक्रवार

वाईहून पसरणी घाट चढताना नेहमीप्रमाणे दोघांना उलट्या झाल्या. पोहोचल्यावर मोबाइल नावाची चिठ्ठी लावून एका बॅगेत जमा. साठेक मुलं-मुली, गटात दहा-बारा जण, प्रत्येक गटाला एक दादा किंवा ताई. मॉनिटरच्या गटाची ताई बावीस वर्षांची, स्वतः याच शिबिरात वाढलेली. मनापासून काम करणारी मुलगी आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिचा उल्लेख फारसा चांगल्या प्रसंगात येणार नाही.

पहाटे साडेपाचला घंटा. सहाला 'शांत वेळ', म्हणजे बायबल उघडून ज्याने त्याने झाडाखाली बसायचं. थंडी असल्यामुळे निम्मे जण शालीत डुलक्या घेतात. मग नाष्टा, गीतं, बायबल अभ्यास, गटचर्चा, जेवण, खेळ, संध्याकाळची सभा, रात्रीचं जेवण, शेकोटी किंवा टॅलेंट नाइट. दिवे साडेअकराला बंद करायचे असतात. मुलींच्या खोल्यांत खुसफुस थांबायला साडेबारा वाजतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. आमच्याकडे जेमतेम पाच मिळत होते.

प्रत्येक गटाला आठवड्याचं एक पाठांतर होतं. मॉनिटरच्या गटाला बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं सदतिसावं वचन मिळालं: तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. तिने ते पहिल्याच दिवशी पाठ केलं. गटचर्चेत तिने विचारलं की मग देवळात एखादं गीत नुसतं चाल आवडते म्हणून गायलं तर ते 'होय' धरायचं का. ताईने हसून विषय बदलला.

बुधवारी प्रश्नपेटी. चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न टाकायचा, वक्ते संध्याकाळी उत्तरं देतात. दरवर्षी निम्म्या चिठ्ठ्या 'ख्रिस्ती मुलीने दुसऱ्या धर्माच्या मुलाशी मैत्री करावी का' या एकाच विषयावर असतात. त्या वाचल्या की हॉल हसतो, म्हणून वक्तेही त्याच आधी घेतात. वेळ संपला आणि बऱ्याच चिठ्ठ्या पेटीतच राहिल्या. शिबिर उठल्यावर आवराआवर करताना त्या माझ्या हाती आल्या. एक वहीच्या आखीव कागदावर होती, अक्षर न्हाणीघराच्या दारावरचं: "एकदा उभं राहिल्यावर परत उभं राहायचं असतं का? राहिलं तर आधीचं धरायचं नाही का?"

प्रश्न बुधवारी विचारला होता. उत्तर मिळालं असतं तर शुक्रवारची रात्र कदाचित इतकी लांबली नसती.

शुक्रवारी सकाळी टेबललँडवर चालणं झालं, दुपारी ऐच्छिक उपास. ऐच्छिक म्हणजे जेवणघर उघडं होतं आणि तिथे कुणी गेलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना पेजेसारखी पातळ खिचडी, आणि साडेआठला सभा.

चार हाका

वक्ते मुंबईचे, तरुण, बोलायला रसाळ. विषय उधळ्या पुत्राचा, म्हणजे सगळं उधळून बापाकडे परत येणाऱ्या मुलाच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीचा. बोलून झाल्यावर दिवे मंद केले गेले, कीबोर्डवर एकच ओळ फिरत राहिली, आणि मग आवाहन सुरू झालं. ते ज्या क्रमाने झालं तो क्रमच या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिली हाक: ज्यांनी आजवर कधीच प्रभूला आपलं जीवन दिलेलं नाही, त्यांनी उभं राहावं. पाच-सहा जण उठले. दुसरी: ज्यांनी दिलं होतं, पण जे दूर गेले. आणखी बरेच उठले. तिसरी: जे दूर गेले नाहीत, पण ज्यांना आज नव्याने समर्पण करायचं आहे. आता हॉलचा बहुतेक भाग उभा होता. मग कीबोर्ड थोडा वाढला आणि चौथी हाक आली: "ज्यांचं प्रभूवर प्रेम आहे ते सगळे."

बाकीचे सगळे उठले. मॉनिटर मागून तिसऱ्या रांगेत बसलेली. तिच्या शेजारची मुलगी उठली होती, तिने खाली पाहिलं, आणि तीही परत बसली.

ताई रांगेतून वाट काढत आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "प्रभू तुझ्याशी बोलतोय. विरोध करू नकोस."

"ताई, मी मागच्या वर्षी उठले होते."

"म्हणून काय झालं? आज परत दे ना."

"परत दिलं तर मागच्या वर्षी दिलं नव्हतं असं होईल."

ही वाक्यं मला दोघींकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली आणि ती जवळजवळ शब्दशः जुळली. फरक एवढाच की ताईच्या मते मुलगी उद्धटपणे बोलली, आणि मुलीच्या मते ती फक्त हळू आवाजात बोलली, कारण वरून प्रार्थना चालू होती.

सभेनंतर तिला प्रार्थनेच्या खोलीत नेलं. ताई आणि आणखी एक ज्येष्ठ कार्यकर्त्या. दार लावलेलं. कठीण अंतःकरण मऊ व्हावं म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. ती रडली नाही, यामुळे काळजी वाढली, आणि थोड्या वेळाने वक्त्यांना बोलावून पुन्हा प्रार्थना झाली. बाराच्या पुढे ती खोलीत आली. मी विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "हो. उद्या पहिल्या गाडीच्या मुलींना पाणी आधी द्यावं लागेल. यादी बदलू का?"

सकाळी सातला, मुलांचे मोबाइल अजून बॅगेतच असताना, एका कार्यकर्त्याने तिच्या आईला फोन केला: मुलगी समर्पणाला उभी राहिली नाही, घरी लक्ष द्या. आईने पहिला प्रश्न विचारला, "कोणी मुलगा आहे का?" शेजारी बसून परत उठलेल्या मुलीचं काय झालं हे कुणी विचारलंही नाही. ती नंतर उभी राहिली होती, म्हणून ती यादीत आली.

कुठे काय झालं

समितीत यावर जूनमध्ये बैठक झाली. शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे सगळे घाईत. पहिला सूर असा होता की मुलगी हुशार आहे, जरा हट्टी आहे, वाढत्या वयात असं होतं. माझं मत वेगळं होतं आणि अजूनही आहे. त्या हॉलमध्ये विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यात नीट लावणारी तीच होती.

चार हाकांकडे पुन्हा पाहा. पहिल्या तीन हाकांना 'बसून राहणं' याचा काहीतरी प्रामाणिक अर्थ आहे: मी आधीच दिलंय, मी दूर गेलेलो नाही, मला आज नव्याने काही करायचं नाही. चौथ्या हाकेने हे सगळे अर्थ पुसले. आता बसणाऱ्याला एकच अर्थ उरला, प्रभूवर प्रेम नाही. म्हणजे प्रश्न रुंद करत करत शेवटी असा केला की 'नाही' म्हणायला जागाच राहू नये. आणि तरीही त्याची मोजणी 'निर्णय' म्हणून झाली. पहिल्या हाकेला उठलेले आणि चौथ्या हाकेला उठलेले अहवालात एकाच आकड्यात आहेत.

यात गटाचा दबाव किती, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. समोरच्या तीन रेघांतली कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकी सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. उत्तर डोळ्यांना दिसत असूनही ज्याच्यावर प्रयोग चालू होता तो सुमारे एक-तृतीयांश वेळा गटाबरोबर गेला. पण खोलीत एक जण जरी बरोबर उत्तर देणारा असला की हा परिणाम एकदम घसरायचा. शेजारची मुलगी परत का बसली, ते यात आहे. आणि अॅशची माणसं कॉलेजची होती. आमची मुलं पंधरा वर्षांची, उपाशी, आठवडाभर अर्धवट झोपेत.

वक्त्यांची बाजूही सांगायला हवी. बैठकीआधी त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, एक मुलगी अडली म्हणून बाकी मुलांची संधी काढून घ्यायची का? स्वतः त्यांचं आयुष्य अशाच एका शिबिरात, अशाच एका रात्री बदललं, आणि ते खोटं नव्हतं. हे मी मान्य करते. त्याच रात्री पहिल्या हाकेला उठलेल्या एका मुलाला मी आजही देवळात पाहते. हाक देणं बंद करा असं कुणाचंच म्हणणं नाही.

पण ही रीत आपण समजतो तितकी जुनी नाही, हेही ध्यानात घ्यावं. अमेरिकेच्या सरहद्दीवर रानात तंबू ठोकून दिवस-दिवस चालणाऱ्या सभा एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाल्या. १८०१ सालची केंटकीमधल्या केन रिजची सभा त्यांतली सगळ्यात गाजलेली. पुढे चार्ल्स फिनी या प्रचारकाने १८३०च्या सुमारास सभेत पुढचा एक बाक रिकामा ठेवायला सुरुवात केली, ज्याच्या मनात तळमळ आहे त्याने सगळ्यांदेखत येऊन त्यावर बसायचं. तेव्हाच्या अनेक पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्याला कडाडून विरोध केला. त्याच धर्मजागृतीच्या लाटेत १८१० साली न्यू इंग्लंडमध्ये अमेरिकन मिशन बोर्ड निघालं. त्याचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले. म्हणजे मॉनिटरचं घराणं ख्रिस्ती झालं ते याच वाऱ्यावर. असं असूनही नगरच्या जुन्या मंडळ्यांत रुजलं ते कीर्तन आणि भजन, उभं राहून घ्यायचा निर्णय नव्हे.

हे मला आजीने जास्त थोडक्यात सांगितलं. घरी रडारड झाल्यावर मॉनिटरच्या आईने मला बोलावलं होतं. आजी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आम्ही कधी उभे राहिलो होतो? आमचं सगळं बसूनच झालं."

नारायण वामन टिळकांचं उदाहरण समितीत आमच्या पाळकसाहेबांनी दिलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलमधला नवा करार दिला. ते वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले. मॉनिटरच्या गटाचं पाठांतर त्याच प्रवचनातलं. पण त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मधे खूप वाचन, पत्रव्यवहार आणि घालमेल होऊन. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यापुढे आणखी काही वर्षं लागली, आणि त्यांनी ती नवऱ्यासाठीसुद्धा कमी केली नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, ज्यांची गीतं आपण दर रविवारी गातो त्या दोघांनाही आपल्या शिबिरात शुक्रवारी रात्री प्रार्थनेच्या खोलीत न्यावं लागलं असतं.

बंद दार आणि फोन

माझ्या दृष्टीने सभेपेक्षा गंभीर भाग हा आहे, आणि बैठकीत त्यावर सगळ्यात कमी वेळ गेला.

आमच्या स्वतःच्या लेखी नियमांत अल्पवयीन मुला-मुलीशी बोलताना दार उघडं ठेवायचं असं स्पष्ट आहे. त्या रात्री दार लावलं, वक्ते आत गेले तेव्हाही लावलेलंच होतं. आत काही वावगं घडलं नाही. पण नियम अशासाठी नसतो की चांगल्या माणसांनी तो मोडला तर चालेल.

आईला केलेला फोन त्याहून वाईट. पंधरा वर्षांची मुलगी आठवड्याभरात एकच गोष्ट मोठ्यांसमोर उघडपणे बोलली, आणि तिला न विचारता ती गोष्ट सकाळी सातला घरी पोहोचली. खोलीतल्या इतर मुलींनी हे पाहिलं. आता समजा, त्यांच्यापैकी एखादीला घरातल्याच कुणाकडून त्रास आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आमच्या नोटीस बोर्डावर लावलेला असतो. पण कळेल तर कळवू ना. जिथे समर्पणाला न उठल्याची बातमी आईला जाते, तिथे त्याहून मोठी गोष्ट कोण सांगणार? घरच्यांना कधी आणि काय कळवायचं, याचा नियम आमच्याकडे नव्हता. आजारपण आणि अपघात एवढंच लिहिलेलं होतं.

ताईशी मी स्वतंत्र बोलले. तिचं म्हणणं, "मला वाटलं ती माझ्यावर रागावली आहे, आणि माझ्या गटातली एकटी राहिली तर माझ्या प्रार्थनेत कमी पडलं." यादीत गटाप्रमाणे आकडे असतात. कुणी स्पर्धा म्हणत नाही, पण शनिवारी सकाळी सगळे ताई-दादा तो कागद पाहतात.

आईची समजूत काढायला वेळ लागला. मुलाचा संशय दोन दिवसांत गेला, पण मुलीने प्रभूला नाकारलं ही भीती राहिली. ती गेली कशाने, तर मॉनिटरने स्वतः आईला जुने दोन अहवाल दाखवायला लावले. मी फोटो पाठवले. तिने त्यावर बोट ठेवून सांगितलं, "हे बघ मम्मी, दोनदा होय म्हटलंय. तिसऱ्यांदा विचारलं म्हणून नाही झालं का?" आई हसली नाही, पण बुधवारच्या संगतीत तिच्यासाठी प्रार्थना मागणं तिने थांबवलं.

काय ठरलं

समर्पण सभा शेवटच्या रात्री न ठेवता बुधवारी ठेवायची, म्हणजे पुढे दोन दिवस मुलांशी दिवसाउजेडी बोलता येईल. ही पाळकसाहेबांची सूचना, वादावादीनंतर मान्य झाली. सभेच्या दिवशी उपास नाही. चौथी हाक नाही. प्रार्थनेसाठी मुलाने किंवा मुलीने स्वतः येऊन सांगितलं तरच खोली, दार उघडं. घरी फोन करायचा तर मुलासमोर, त्याला सांगून. धोका असेल तर अर्थात कायद्याप्रमाणे. प्रश्नपेटीतली प्रत्येक चिठ्ठी वाचायची, वेळ संपला तर दुसऱ्या दिवशी, आणि आधी ज्यांवर हशा होत नाही त्या.

दिवे साडेदहाला बंद करण्याचा ठराव सर्वानुमते झाला. त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

'निर्णयांची संख्या' हा रकाना काढावा असं मी सुचवलं होतं. खजिनदारांनी सांगितलं की वार्षिक अहवाल वाचून देणगी देणारे लोक आधी तोच आकडा पाहतात. तीन विरुद्ध पाच मतांनी रकाना राहिला. मात्र आधीच्या वर्षी नाव आलेलं असेल तर ते पुन्हा मोजायचं नाही, एवढी तळटीप घालून मिळाली. जुन्या याद्यांना ती लावून पाहिली तर गेल्या वर्षीचा आकडा बराच खाली येतो, म्हणून ती मागच्या तारखेने लागू करू नये असंही त्याच बैठकीत ठरलं.

पुढच्या मे महिन्यासाठी दोन वक्त्यांना पत्रं गेली आहेत. एकाने होकार दिला आहे. दुसऱ्याने कळवलं आहे की समर्पण शेवटच्या रात्री नसेल तर येण्यात अर्थ नाही. त्यावर अजून उत्तर गेलेलं नाही.